आप्पांनी डेस्कटॉप बदलला

आई गेल्यावर आप्पांचे दिवस मोकळे पडले, म्हणून मी त्यांना कॉम्प्युटर शिकवला. एका कॉलेजची कॉम्प्युटरची प्रयोगशाळा माझ्याकडं होती. तिथल्या मोडीत निघालेल्या यंत्रांपैकी एक मी रीतसर विकत घेतलं, त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली आणि आप्पांच्या हर्सूलच्या घरी खिडकीपाशी मांडलं. लिनक्समध्ये यंत्र तेच ठेवून पडद्यावरची मांडणी, म्हणजे डेस्कटॉप, आपल्या पसंतीची घेता येते; ग्नोम, केडीई अशा बऱ्याच. माझी पसंती ग्नोम, म्हणून आप्पांनाही ग्नोम.

आप्पा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. शिकले झटपट. ‘माऊस डावीकडं वरच्या कोपऱ्यात न्या, सगळ्या खिडक्या दिसतील,’ मी सांगायची आणि ते शिक्का मारल्यासारखा माऊस कोपऱ्यात नेऊन आपटायचे. सकाळी उठून जायकवाडी धरणात पाणी किती उरलं ते बघायचं, मग पेपर, मग बुद्धिबळ.

दर रविवारी मी जायची. आम्ही पडेगावला नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता. आजूबाजूला इमारतींवर इमारती उठत होत्या आणि बोअर कोरडे. टँकर येईल त्या दिवशी पाणी. आप्पांच्या बोअरला अजून थोडं येत होतं, म्हणून स्कूटरवर रिकामे कॅन बांधून निघायचं, कॅन भरेपर्यंत आप्पांना काहीतरी नवीन शिकवायचं. आठवडाभर मी त्या रविवारची वाट बघायची.

मग वरच्या खोलीत भाडेकरू आली. लासूर स्टेशनकडची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. घरी मेंढरं होती. त्या वर्षी चारा कुठंच नव्हता, तेव्हा तिचे आईवडील कळप घेऊन गोदाकाठाला गेले होते आणि गावाकडच्या घराला कुलूप होतं. सुट्टीतही ती इथंच. सुरुवातीला ती आप्पांना काका म्हणायची. पुढं आप्पाच म्हणायला लागली.

एका रविवारी मी आत शिरले तर पडद्यावर सगळंच वेगळं. खाली रुंद पट्टी, ठसठशीत अक्षरं, मागं गडद निळा रंग.

“हे काय?”

“केडीई,” आप्पा म्हणाले, जणू जन्मभर हाच शब्द वापरत होते. “पोरीनं टाकून दिलं. बघ, सगळं खाली एका ओळीत. शोधायला नको.”

ती जिन्यावरून डोकावली. “ताई, तुमचं काढलं नाय मी. लॉगिन करताना निवडता येतंय दोन्हीतलं.”

तिचा तो समजूतदारपणा मला जास्त लागला. आप्पा आत गेले आणि चहा करून आणला, तीन कप. माझ्या आठवणीत आप्पांनी कधी गॅस पेटवला नव्हता. तिला कमी साखर लागते हेही त्यांना ठाऊक होतं.

“शिकवायची हातोटी आहे हिला,” ते म्हणाले.

कॅन अर्धेच भरून मी परत आले. नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो हसायला लागला. “अगं, डेस्कटॉप बदललाय त्यांनी. वारस नाही.”

मला हसू येत नव्हतं. प्रयोगशाळेत मुलांपुढं मी स्वतः म्हणायची, ज्याला जे सोयीचं ते त्यानं वापरावं. पण रविवार जवळ आला की एकच विचार: आता तिनं आणखी काय शिकवलं असेल? त्यांनी मला विचारावं असं काही उरलंय का?

शेवटी एकदा मी म्हणाले, “आप्पा, आज जुनं लावून बघू.” ते नको म्हणाले नाहीत. मी लॉगिनला ग्नोम निवडला आणि त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी माऊस फिरवला, पुढं वाकले, आणखी वाकले. नाक काचेला टेकायचं बाकी होतं.

“नाही दिसत गं.”

“काय नाही दिसत?”

“अक्षरं. डावा डोळा धुरकट झालाय. उजवाही त्याच वाटेवर.”

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आधीपासून.”

मी वळून बघितलं. ती दारात धुतलेले कपडे घेऊन उभी होती.

“तुला माहीत होतं?”

“व्हय, ताई. म्हणूनच बदललं. हे दाबलं की पडदा जवळ येतोय. मी लई वेळा म्हणले, ताईंला सांगा म्हणून.”

पडदा जवळ आणायची सोय माझ्या ग्नोममध्येही होती. एक बटण चालू केलं की झालं असतं. त्यासाठी मला फक्त कळायला हवं होतं.

“मला का नाही सांगितलं?”

“तू लगेच दवाखान्यात नेलं असतंस.”

“न्यायलाच पाहिजे होतं!”

“म्हणूनच,” आप्पा म्हणाले.

त्याच आठवड्यात नेलं. मोतीबिंदूच. ऑपरेशनच्या दिवशी मी रजा काढून त्यांचा हात धरून बसले होते. डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि पहिला प्रश्न, “पोरगी आली का?” पोरगी येत होती, बाजरीची भाकरी आणि पिठलं घेऊन. त्यांनी तिच्यासमोर दीड भाकरी खाल्ली. माझा वरणभात मी घरी नेला.

दोन्ही डोळे झाल्यावर मला आशा वाटली, आता बारीक अक्षर दिसतंय, आता जुन्यावर येतील. मी विचारलंही.

“असू दे. ह्याची सवय झाली,” ते म्हणाले.

शिक्षण संपलं तशी तिला पुण्यात नोकरी लागली. सामान न्यायला वडील आले, पागोटंवाले, अबोल. त्यांनी आप्पांच्या खांद्यावर घोंगडं घातलं. आप्पा दिवसभर ते अंगावरून काढेनात. मला तिच्या जाण्याचा आनंद झाला होता, आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी तिला प्रवासासाठी चिवडा बांधून दिला.

पण आनंद टिकला नाही. कॉम्प्युटरचं काही अडलं की आप्पा पुण्याला फोन लावायचे. मला विचारून उपयोग नव्हता. माझ्या लॅपटॉपवर ग्नोम, त्यांच्यापुढं केडीई. ते म्हणायचे, खाली उजवीकडं काय दाबू, आणि माझ्यापुढं खाली उजवीकडं काहीच नसायचं.

तेव्हा मी माझाच डेस्कटॉप बदलला. इतक्या वर्षांची हाताची सवय मोडताना वैताग आला. बोटं जुनीच बटणं दाबायची आणि भलतंच उघडायचं. तरी नेटानं बसले. तीच रुंद पट्टी, तीच मोठी अक्षरं, मागं तोच निळा रंग, त्यांच्या पडद्याशी ओळीला ओळ जुळेपर्यंत. नवरा मागं उभा राहून बघत होता.

थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेत आप्पांचा फोन आला.

“अगं, खालची पट्टीच गायब झाली.”

मी लॅपटॉप उघडला. “मोकळ्या जागेवर उजवं बटण दाबा. पॅनेल जोडा असं काहीतरी दिसेल. त्यावर दाबा.”

तिकडून माऊसची टकटक ऐकू आली. मग, “आली! आली बघ!”

मुलांच्या देखत मी मोठ्यांदा हसले. “मग? आधीच मला लावायचा ना फोन.”

“तिलाच लावला होता आधी. मीटिंगमध्ये होती. ताईंना विचारा, म्हणाली.” आणि लगेच, “बरं, आता आवाजाचं चिन्ह कुठं गेलं ते सांग.”

मी ते शोधलं आणि सांगितलं.