मामाचं गाव विचारणारा म्हातारा

“मामाचं गाव कोणतं बे तुझं?” नाव नाही, काम नाही, आधी हा प्रश्न. सिरसाळ्याच्या शिवारात मेंढरं चारणारा म्हातारा होता तो. असा एखादा तुमच्याही गावात असेल, तुमचा त्याच्यावर जीवही असेल. मी मात्र त्याच्यावर जळायचो.

का नाही जळणार? मानसिक आजारांची पत्रकं वाटत मी गावोगाव फिरतो. ‘मन म्हणजे मेंदू. मेंदूलाही आजार होतो, लाज कसली?’ हे वाक्य माझं. लोक पत्रक घ्यायचे, घडी करून खिशात घालायचे आणि दुखणं सांगायला म्हाताऱ्याकडे जायचे!

“आबा, मेंदू बघितलाय का कधी?” मी एकदा डिवचलं.

“बकऱ्याचा बघितलाय. माणसाच्या डोक्यात लई गर्दी आसती बे. माय, मामा, सासू, शेजारी. एकट्याला इचारून काय घावतंय?”

हे मला का सुचलं नाही, म्हणून दोन दिवस धुसफुसत होतो.

मग एका घरची सून. महिनाभर जेवण तुटलेलं, बोलणं बंद. मी अंगणातच, सासूसमोर, प्रश्नावली काढली. झोप उडालीय का? रडू येतं का? जीव नकोसा होतो का? सगळ्याला तिची मान ‘नाही’ अशीच हलली.

“कायबी झालं न्हाई तिला. नखरं हायत,” सासू म्हणाली.

तेवढ्यात म्हातारा आला. “वैनी, च्या ठिवा की,” म्हणत त्याने आधी सासूला चुलीकडे धाडलं आणि तो दारातल्या दगडावर टेकला.

“मामाचं गाव कोणतं गं बाय?”

“दिंद्रुड.”

“कुनाच्यात?” तिने हळू आवाजात घराणं सांगितलं. “आगं, तुझ्या आजीच्या हातची भाकर खाल्लीय मी! दारात चिंच व्हती. हाय का?”

“तोडली,” ती म्हणाली आणि हमसून रडायला लागली. चहा होईपर्यंत तिने सगळं सांगितलं. दोनदा विहिरीपर्यंत जाऊन परत आल्याचंसुद्धा.

डॉक्टरकडे यायला ती तयार झाली, पण म्हातारा सोबत हवा म्हणाली. तो आला. मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर टाकून दवाखान्यात दोन तास बसला. गोळ्या सुरू झाल्या. अहवालात मी लिहिलं, ‘आमच्या प्रश्नावलीमुळे रुग्ण सापडला.’ म्हाताऱ्याचा उल्लेख केला नाही. हात अडला, तरी केला नाही.

म्हातारा थंडीत वारला.

परवा तिच्या घरी गेलो. ती जेवते, बोलते, सासूला उलट उत्तरही देते. मी दारातल्या दगडावर टेकणार, तोच ती म्हणाली, “दादा, तिथं नगा बसू. ती आबांची जागा हाय.”

माणूस जाऊन चार महिने झाले, तरी जागा त्याचीच. मी खाली मातीत बसलो.