इब्रामपूरच्या मामांचे गाऱ्हाणे

मामांनी मला फसवले. इब्रामपूरचे माझे मामेसासरे, बायकोचे सख्खे मामा, यांनी डिचोलीत उभा जन्म जुनी यंत्रे विकण्यात घालवलेल्या माणसाला सात जणांच्या साक्षीने फसवले, आणि ते सातही जण नंतर माझ्याच पैशाचा चहा पिऊन गेले. मी खाणीच्या ट्रकांची चाके धुण्यापासून सुरुवात केली आहे. मला गंडवायला आलेले लोक माझ्या दारात घासाघीस करून थकले आणि उलट काहीतरी विकत घेऊन परत गेले. पण साऱ्या पेडणे तालुक्यात मामांइतका लबाड माणूस झाला नाही. त्यांच्याइतका खरा माणूसही झाला नाही, आणि माझी पंचाईत झाली ती तिथेच.

मामांचा जन्म वास्कोला जहाजे रंगवण्यात गेला. म्हातारपणी ते गावी आले आणि इब्रामपुरात जहाज नसल्यामुळे जे दिसेल ते खरवडू लागले. लोक त्यांना रंगारी म्हणत. माझ्या मते ते खरवडणारे होते. रंग ते अगदी शेवटी, नाइलाज झाला म्हणून लावत. शेजाऱ्याने एकदा त्यांच्याकडे लोखंडी गेट रंगवायला दिले. मामांनी आठ दिवस गंज काढला. नवव्या दिवशी त्या गेटातून कोंबड्या ये-जा करू लागल्या. शेजारी भांडायला आला तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "गेट नव्हतोच. रंग उबो होतो." त्यांचे ब्रश करवंट्यांत रंगवार टांगलेले असत, आणि सदऱ्यावर रंगाचे इतके थर की तो खुंटीला न अडकवता नुसता कोपऱ्यात उभा केला तरी चालला असता. सकाळी चहात उंडो, म्हणजे बेकरीचा गोल पाव, बुडवून खायचा आणि मग रंगाच्या डब्याचा वास घेऊन आज काम होणार की नाही ते ठरवायचे. उजव्या अंगठ्याचे नख त्यांनी कधी कापले नाही. ते त्यांचे हत्यार होते. लग्नघरी गेले तरी आधी दाराच्या चौकटीवर नख फिरवून बघत आणि मग नवरीला आशीर्वाद देत.

माझ्या साखरपुड्याला मी स्कूटर घेऊन गेलो होतो. नवीच आहे, असे सासऱ्यांना सांगून ठेवले होते. मामांनी अंगणात तिला एक फेरी घातली, टाकीवर नख ओढले आणि भरल्या मांडवात सांगितले, "स्कूटर बरी आसा, पूण एकदां आपटलेली दिसता." ती आपटलेली होती. लग्न झाले, पण त्या दिवसापासून मी मामांच्या नखाला घाबरून असे.

एवढे माहीत असूनही मी विमानाचे काम त्यांच्याकडे नेले, ही चूक माझी. घाटावरच्या एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबातून मी चार आसनांचे जुने विमान घेतले होते. इंजिन ठीक, कागद ठीक. पणजीचे एक निवृत्त डॉक्टर ते घ्यायला तयार झाले होते आणि रविवारी बघायला येणार होते. खटकत होते फक्त योक. योक म्हणजे विमानाचे सुकाणू, मोटारीच्या स्टिअरिंगचा वरचा भाग कापून टाकावा तसे दिसणारे. पुढच्या दोन्ही आसनांसमोर एकेक असते. कित्येकांचे घामट हात लागून दोन्हींचा काळा रंग उडाला होता, आतला धातू पांढरा डोकावत होता. गिऱ्हाईक विमानात बसले की आधी तिथेच हात घालते. विमानाची देखभाल करणाऱ्या इंजिनिअरने दोन्ही योक सोडवून दिले, रंगवून झाले की तोच बसवणार होता. मी ते आदल्या रविवारीच मामांच्या ओसरीवर नेऊन ठेवले. हाताशी आठवडा होता.

मंगळवारी निरोप आला, येऊन जा. मी गेलो. मामांनी दोन्ही योक पार उघडे केले होते. एकावर रॉकेल चोळून, पुसून, वर पांढरी रांगोळी भुरभुरली होती. दांड्याच्या वळणावर त्या रांगोळीत केसाएवढी ओली रेघ उमटली होती. आत शिरलेले रॉकेल बाहेर येत होते. धातूला तडा होता.

मग माझे डोके फिरले. तडा केवढासा, विमान किती जुने, तो काय आज पडला असेल का, असे मी बरेच बोललो. लुकण भरून वर रंग द्या म्हणालो. मामा रांगोळी पुसत राहिले.

"रंग म्हणजे कपडो, जावयबापू. उगड्या आंगार घालूक जाय, जखमेर न्हय."

मी तडजोड काढली. आयुष्यभर तेच केले आहे. पायलट डावीकडे बसतो, तडा गेलेला योक उजवीकडे बसवू. मामांनी तेवढेच विचारले, "आनी उजवेकडेन कोण बसता?"

नवा योक परदेशातून यायला महिने लागले असते आणि डॉक्टर तेवढे थांबणारे नव्हते. मी आवाज चढवला, नात्याचे काढले, शेवटी हात जोडले. मामांनी अंगठ्याचे नख त्या रेघेवरून फिरवले आणि एकदम म्हणाले, बरे, रंगवतो. पण आधी राखणदाराला, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणे घालायचे, चारचौघांच्या साक्षीने साकडे. मी लगेच हो म्हणालो. तिथेच फसलो. मामा इतक्या सहज कधी ऐकत नसत, हे मला कळायला हवे होते.

बुधवारी सकाळी त्यांच्या पोफळीच्या कुळागराच्या कडेला, राखणदाराच्या दगडापाशी आम्ही उभे राहिलो. नैवेद्याचा जाड रोट ठेवला, विडी ठेवली. वाडीवरचे सात जण आले होते. मामांनी हात जोडून सुरुवात केली आणि नेमका डॉक्टरांचा फोन आला. मी दोन पावले बाजूला होऊन रविवारची वेळ ठरवू लागलो. एका कानात डॉक्टर, दुसऱ्यात मामा. लोक "व्हय म्हाराजा" म्हणत होते, आणि लहानपणापासूनची सवय, मीही फोनवर हात ठेवून म्हणत होतो. सगळ्यांत मोठ्याने मीच. फोन बंद केला तेव्हा शेवटचे तेवढे नीट ऐकू आले.

"...विकूक काडलेल्या खंयच्याय वस्तूंत तडो आसलो, तर तो गिरायकाक सांगल्याबगर विकूचो ना, असो शब्द हो तुजो जावय तुका दिता. तो मानून घे आनी ताची राखण कर."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. मग काय म्हणून बसलो ते कळले.

मामांनी शब्द पाळला. दोन्ही योक असे रंगवले की कारखान्यातून आल्यासारखे. ना चकचकीत, ना निस्तेज, हाताला मऊ. तडा कुठे होता ते मलाही शोधून सापडेना. शनिवारी इंजिनिअरने योक विमानात बसवले, तडा गेलेला मी उजवीकडे बसवून घेतला. रविवारी डॉक्टर आले, सोबत त्यांची मुलगी. विमान चालवायला शिकत होती. डॉक्टर डावीकडे बसले, ती उजवीकडे. तिने दोन्ही हातांनी योक धरला, अंगठा त्याच वळणावर ठेवला आणि हसून म्हणाली, "किती छान रंगवलंय."

एक शब्द बोललो नसतो तर व्यवहार झाला होता. मी बोललो. इंजिनिअरने माझ्याकडे एकदाच बघितले आणि उजवीकडचा योक सोडवायला घेतला. डॉक्टरांनी माझे आभार मानले आणि महिन्याभरात दुसरीकडून विमान घेतले. माझे अजून घाटावर उभे आहे.

मी तडक इब्रामपूरला गेलो. विमान गेले ते गेले, पण शब्द "खंयच्याय वस्तूंत", कुठल्याही वस्तूत, असा घातला होता. पंप विकताना मला त्याची गळती सांगावी लागणार होती, जनरेटर विकताना त्याचा धूर. मी म्हणालो, मामा, दुसरे गाऱ्हाणे घाला आणि मला सोडवा. मामांनी चहात उंडो बुडवला. "सोडयतां मागीर. घाय कित्याक?" पुढच्या प्रत्येक चतुर्थीला मी विचारले, प्रत्येक चतुर्थीला हेच उत्तर, नंतर सोडवतो.

गेल्या शिमग्याआधी मामा गेले. करवंट्या अजून तशाच टांगलेल्या आहेत. तो तडकलेला योक मी ऑफिसात माझ्या खुर्चीमागे लावला आहे. रंग अजून जरासुद्धा उडालेला नाही. माझ्याकडून वस्तू घेणारे हल्ली घासाघीस करत नाहीत, मी सांगितले की मान हलवतात आणि घेऊन जातात. यात मजा काय राहिली? आणि माझ्या उजव्या अंगठ्याचे नख बरेच वाढले आहे, असे बायको म्हणते.

परवा मी एकटाच राखणदारापाशी गेलो. रोट ठेवला, विडी पेटवून ठेवली आणि विचारले, माझा शब्द माझ्या तोंडून न घेता तू मानलास कसा? ज्याने घातला त्याला, मला सोडवायच्या आधीच, नेलेस कसे? आता मला कोण सोडवणार, ते सांग. मागे "व्हय म्हाराजा" म्हणायला कोणी नव्हते. विडी संपेपर्यंत थांबलो आणि परत आलो. पुन्हा जाणार आहे. उत्तर मिळेपर्यंत जाणार आहे.