फॅटवाले अप्पा

अप्पा बिराजदारांनी मला पहिला शब्द ऐकवला तो "थांबा" हा. मी वळकटी खांद्यावर घेऊन त्यांच्या दारात उभा, आणि त्यांची नजर हातातल्या दुधाच्या उभ्या भांड्यावर. भांड्यात लॅक्टोमीटर डुलत होता. पायरीवर एक म्हातारी रिकामी किटली मांडीशी धरून निकालाची वाट बघत बसली होती. काचेची नळी स्थिर झाली तसे अप्पा म्हणाले, "आज दुधात जरा पाणी वाटतंय, गयाबाई."

म्हातारी उसळली. "गावात प्यायाला थेंब न्हाई अप्पा, आन् दुधात घालाया मी कुठून आणू?"

अप्पा गालातल्या गालात हसले आणि मग माझ्याकडे वळले. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नवी कचेरी, नव्या खुर्च्या, आणि आमच्यासारखे बदलीवर आलेले कारकून खोल्या शोधत हिंडत होते. मी नांदेडहून टंचाई शाखेत आलो होतो; त्या वर्षी दुष्काळ असा की जिल्ह्यात दुसरं कुठलं कामच नव्हतं. त्याआधी तीन घरांनी माझं आडनाव विचारलं होतं आणि तिन्ही ठिकाणी खोली कालच गेली होती. अप्पांनीही आडनाव विचारलं. मी म्हणालो, "कांबळे."

"खोली हाय. नळ हाय, पाणी न्हाई. चालतंय का?"

न चालून सांगतो कुणाला! मी वळकटी खाली ठेवली.

अप्पांची सगळी नोकरी दूध संकलन केंद्रावर गेली होती. आलेल्या दुधाचा नमुना घ्यायचा, फॅट म्हणजे त्यातली स्निग्धता मोजायची आणि कमी लागली की कॅन परत पाठवायचा. मग तो पाटलाचा असो की पाहुण्याचा. गल्लीत त्यांना 'फॅटवाले अप्पा' म्हणत, अर्थात मागे. माणसंही ते याच मापाने मोजत. संध्याकाळी मी कचेरीतलं काही सांगितलं की त्यांचा निकाल तयार असे. आमच्या एका बोलघेवड्या साहेबांबद्दल म्हणाले, "नुसता फेस हाय. फॅट लागत न्हाई." टँकरवरच्या एका गरीब शिपायाचं ऐकून म्हणाले, "ह्याला लई चांगली लागतीय. जपा त्याला." माझं काय, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुमची तपासणी चालू हाय अजून."

पण या कडकपणाची किंमत ते निवृत्तीनंतर मोजत होते. ज्यांचे कॅन परत गेले, ती निम्मी माणसं याच गल्लीत राहत होती. लग्नाच्या पत्रिका त्यांच्या दाराच्या फटीतून आत सरकवल्या जात, हातात कुणी देत नसे. बायको वारलेली, एकुलती मुलगी बिदरला दिलेली. मी सकाळी निघायचो तो दिवेलागणीला परतायचो. मधला सगळा दिवस त्या घरात माणसाचा आवाज नसे. मला ते तेव्हा दिसत होतं, पण कळत नव्हतं.

सकाळची पंधरा-वीस मिनिटं तेवढी गयाबाईची. ती गावाबाहेरच्या वस्तीवर राहणारी विधवा. कधीकाळी तिचंही दूध अप्पांनी सगळ्यांदेखत परत केलं होतं. ते तिला असं झोंबलं की अप्पा घरी बसल्यावर ती स्वतः किटली घेऊन आली. "आता रोज माज्या दुधात नळी बुडवून बगा," म्हणाली. तेव्हापासून रोज नळी बुडत होती आणि रोज भांडण होत होतं. भांडण संपलं की म्हशीचे पाय, कडब्याचा भाव, सुनेचं तोंड असे विषय निघत. ती पायरीच्या वर कधी आली नाही आणि अप्पा उंबऱ्याच्या खाली उतरले नाहीत. ती गेली की अप्पा दूध तापवून त्यात ज्वारीच्या कण्या शिजवत आणि वर बोटभर जाड साय घेऊन खात.

एके दिवशी त्यांच्या छातीत कळ आली. मी त्यांना एसटीने नांदेडला माझ्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले की कोलेस्टेरॉल फार वाढलंय. कण्या खुशाल खा, पण म्हशीचं दूध बंद, साय तर बघायचीही नाही. ज्यात फॅट नाही असं दूध घ्या. बाहेर आल्यावर अप्पांनी डॉक्टरची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "कांबळे, जन्मभर जे दूध मी परत पाठवलं, तेच प्या म्हणून राहिला की हा माणूस."

परतताना आम्ही लोह्याला माझ्या घरी उतरलो. आईने त्यांच्यापुढे ताकातल्या कण्या ठेवल्या, लसणाची फोडणी दिलेल्या. ती संकोचून म्हणाली, "लोणी काढल्यालं ताक हाय, अप्पा. त्यात काई ऱ्हात न्हाई." अप्पांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि आईला ताक कसं घुसळतेस, किती वेळ घुसळतेस, हे खोदून खोदून विचारलं. मी भावाशी गप्पा मारत होतो, तिकडे माझं लक्ष नव्हतं.

लातूरला आल्यावर बघतो तर दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई हजर, किटली हजर, नळी दुधात. मी संतापलो. अप्पा शांतपणे म्हणाले, "फॅट काढून घेतो मी. काळजी करू नका." पोरं अभ्यास झाला म्हणतात तितपतच मला ते खरं वाटलं. तीन-चार आठवडे मी धुमसत होतो. शेवटी एका सकाळी मी गयाबाईला कोपऱ्यावर गाठलं आणि सांगितलं, "मावशी, हे दूध त्यांना विष आहे. तुम्ही आणता म्हणून ते घेतात. उद्या काही झालं तर?"

तिचा चेहरा उतरला. "मला ठावं नव्हतं, दादा," एवढंच म्हणाली आणि तिथूनच परत फिरली.

मग रोज सकाळी मीच दूधकेंद्रावरून फॅट कमी केलेलं दूध आणून त्यांच्या ओट्यावर ठेवायला लागलो. माझ्यावरच मी बेहद्द खूश होतो. अप्पा ते आत नेऊन ठेवत. पण त्यांनी नळी काढणं सोडलं. दाढी वाढली. पातेल्यात कण्या तशाच वाळलेल्या दिसायला लागल्या. गयाबाईच्या वेळेला ते दार उघडून उभे राहत आणि जरा वेळाने दार लोटून घेत. महिनाभराने त्यांनी विचारलं, "गयाबाईची म्हैस आटली का हो?"

मी खरं ते सांगितलं. अप्पा उठले आणि फळीवरून एकेक करून तीन बरण्या खाली काढल्या. तिन्ही तुपाने गच्च भरलेल्या. "तुमच्या आईनं सांगितलं तसंच करून राहिलो होतो. विरजायचं, घुसळायचं, लोणी काढायचं, ताकात कण्या खायच्या. तूप लेकीसाठी. तिला यायला जमलं न्हाई." मग बरण्यांकडे बघत म्हणाले, "डॉक्टरनं दूध बदला म्हणलं होतं, कांबळे. माणूस न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी मी सायकल काढून वस्तीवर गेलो. गयाबाई दारात तांदूळ निवडत होती, मागचा गोठा रिकामा. चारा नव्हता, म्हणून म्हैस दूरच्या छावणीत धाडली होती. मी सगळं सांगितलं, चूक कबूल केली आणि म्हणालो, "मावशी, दूध राहू द्या. तुम्ही नुसत्या येऊन बसत जा."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फारच लहान आहे. "नुसती कशी येऊ, दादा? मी रांडमुंड बाई, त्ये एकले. किटली असली की कुणी इचारत न्हाई. मोकळ्या हातानं त्या दारात बसले, तर गल्ली काय म्हनंल?"

मी सायकल वळवली. अप्पांना सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "बरोबर हाय तिचं." त्यानंतर उन्हाळा आणखी वाढला, नळाला आठ-आठ दिवस पाणी येईना, आणि वाळत चाललेल्या बापाला बघून मुलगी त्यांना बिदरला घेऊन गेली. एसटीत बसताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. आभार मानले नाहीत की दोष दिला नाही. दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

पुढे पाऊस झाला. म्हैस छावणीतून परत आली आणि गयाबाई किटली घेऊन पायरीशी आली. दाराला कुलूप होतं. तिला सांगायला मीच होतो, आणि पत्र आदल्याच दिवशी बिदरहून आलेलं. अप्पा वारले होते. मुलीने लिहिलं होतं की त्यांनी शेवटपर्यंत पथ्य नीट पाळलं, पिशवीतल्या पातळ दुधातल्या कण्या खाल्ल्या, कधी कुरकुर केली नाही, कुणाला एका शब्दाने दुखवलं नाही.

गयाबाई पायरीवर बसली. किटलीचं झाकण तिने दोनदा उघडून लावलं.

"तितं दूध कोन घालायचं त्यांना?"

"कुणी नाही, मावशी. पिशवी यायची."

तिने कुलपाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग भांडत कुनासंगं व्हते?"