भरदुपारी पानावर आलेलं उदमांजर

आधीच सांगतो, भुताखेताच्या गोष्टी माझ्यापुढे कुणी काढत नाही. चौथी शिकलो, चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, अमावस्येलाही पाये खणले. कधी काही आडवं आलं नाही. तरी हे लिहून ठेवतोय, कारण यात माझं डोकं चालत नाही.

२०१६ साल. मुलगा संजय सिंगापूरला बँकेत इंजिनीयर, तिथल्या सिग्लाप भागात जुनं कौलारू घर भाड्याने घेतलेलं. मी एकटाच गेलो... बायको मंदा आदल्या वर्षी वारली. तिला सिंगापूर बघायचं फार होतं. तिकिटंसुद्धा आली होती. मीच अडून बसलो — पोराच्या दारात जाऊन बसायचं नाही म्हणालो. तिने वाद घातला नाही. सहा महिन्यांत गेली.

घराच्या आढ्यात एक उदमांजर राहायचं. छपरावर धुडगूस, अंगणातली एक पपई पिकू द्यायचं नाही. नात इरा म्हणायची, "आजोबा, मुसांग आहे ते. इट लिव्ह्ज हिअर ऑल्सो, लाह."

"मग भाडं भरायला सांग त्याला," मी म्हणालो, आणि हट्टाने पिंजरेवाला बोलावला. तो सोमवारी येणार होता.

त्याआधी अविधवा नवमी आली. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध त्या दिवशी करतात. संजयने सगळं केलं, पान मागच्या भिंतीवर ठेवलं. तास झाला, कावळा येईना. अशा वेळी गेलेल्याची राहिलेली इच्छा बोलून दाखवतात. संजय म्हणाला, "आई, इराचं शिक्षण नीट करीन." काही नाही.

"बाबा, इथे कावळे कमीच आहेत. जेवून घेऊ या."

"तू जा आत."

तो गेल्यावर मी म्हणालो... मंदे, तिकिटांचं माझं चुकलं. जन्मात कुणाला असं म्हणालो नव्हतो.

वळचणीत खसखस झाली. भर उन्हात ते उदमांजर भिंतीवर उतरलं. काळं तोंड, लांब शेपूट. पानाशी बसून सावकाश खीर खाल्ली, मग भात. मी चार हातांवर उभा, तरी घाबरलं नाही. खाणं थांबवून माझ्याकडे बघत राहिलं. मला राहवलं नाही, "मंदा?" म्हणालो. तसं ते उठलं आणि छपरात गेलं.

सोमवारी पिंजरेवाल्याला विचारलं, हे दिवसा बाहेर येतं का. तो हसला, "डेटाइम? नो लाह, अंकल. दे स्लीप."

"पिंजरा नको," मी संजयला म्हणालो.

"अहो, तुम्हीच मागे लागला होतात ना?"

"नको म्हणालो ना एकदा."

पुण्याच्या गुरुजींना फोनवर विचारलं, तर कावळाच लागतो म्हणाले. संजय म्हणतो, खिरीच्या वासाने आलं असेल. असेलही. पण त्याआधी तासभर खीर तिथेच होती की. आणि ती मंदा होती म्हणावं, तर मी हाक मारल्यावर उठून का गेली? पोट भरलं म्हणून, की माझी हाक ऐकून... कुणाला कळत असेल तर सांगा. मला अजून कळलेलं नाही.