दाराची सवय

आमचं घर शनिशिंगणापुरात. दाराला चौकट आहे, पण फळ्या नाहीत, कडी नाही. आडोशाला नुसता पडदा. गावाची रीतच तशी, आणि मला तिचा अभिमान आहे. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. भिंगारला शाळेत नोकरी लागली आणि तिथं खोली घेतली, तेव्हा आयुष्यातलं पहिलं कुलूप विकत आणलं.

धाकटी बहीण घोडेगावला दिली. नवरा तिथल्या बाजारात जनावरांची दलाली करतो. पहिल्या दिवाळीला आला तेव्हा चहा पिता पिता म्हणाला, "तुमच्या पोरीला दाराची सवयच न्हाई. शिकवतोय." सगळे हसले. आई तर तोंडाला पदर लावून हसली.

यंदा बहीण माहेरी आली ती गप्पच. बस म्हटलं की बसायची, जेव म्हटलं की जेवायची. झोपायची मात्र उंबऱ्याला लागून, पडद्याखालून डोकं बाहेर काढून. आई म्हणाली, "रुसलीय. रविवारी जावई न्यायला येत्यात, तवर येईल ताळ्यावर." मला तो रुसवा वाटेना. पण ती काही बोलल्याशिवाय तिला ठेवून घ्या म्हणायला माझ्या हातात तरी काय होतं?

भिंगारच्या एका मंगल कार्यालयात योगाची कार्यशाळा होती. ताण घालवा, स्वतःला ओळखा, मनाच्या जखमा भरा, असा फलक होता. तिला नेते म्हटल्यावर आई म्हणाली, "श्वास घ्यायला बी शिकवणी लागती व्हय आता? ने. पन रविवारच्या आत आन."

शनिवारी आम्ही दोघी सतरंजीवर शेजारी पडलो. श्वास झाले, खांदे सैल झाले, मग शवासन. पलीकडच्या काकू चक्क घोरायला लागल्या. त्यांची सून पुटपुटली, "घरी झोप येत नाही म्हणून माझं डोकं खातात." बायका फिदीफिदी हसल्या. बहिणीचेही ओठ हलल्यासारखे वाटले.

शिकवणाऱ्या मॅडम मऊ आवाजात सांगत होत्या, "आता मनात एक खोली पाहा. तुमची, सुरक्षित. आत जा. दार लावा. कडी घाला."

बहीण उठून बसली. "मॅडम, मी तर आत हाय. मग कडी कोन घालनार?"

"आतून घालायची, बाळ."

"आतून न्हाई आमच्यात. बाहेरूनच हाय."

काकूंचं घोरणं तेवढं चालू होतं. मी विचारलं, "कधी घालतो?"

"बाजारला जाताना. आल्यावर काढत्यात."

"आणि दिवसभर तू?"

"पान्याचा तांब्या असतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक बादली असती."

मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "मनात क्षमा आणून बघ."

"क्षमा राहू द्या, मॅडम," मी म्हटलं आणि तिला उठवलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं निवडायच्या तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "कोंडली. मारली तर न्हाई ना?"

रविवारी दारात जीप थांबली. बहीण आतल्या खोलीत गेली. त्या खोलीलाही पडदाच. जन्मात पहिल्यांदा मला आमच्या चौकटीला फळ्या हव्याशा वाटल्या. मी चौकटीत दोन्ही हात लावून उभी राहिले.

तो हसला. "मास्तरीणबाई, सरका. तुमच्यात दार नसतंय ना?"

"नसतं. म्हणून मी उभी आहे. ती येणार नाही."

"किती दिस उभ्या ऱ्हाताल?"

मागून आईनं विचारलं, "चहा टाकू का?" तो जीपमध्ये बसला.

बहीण आता माझ्याकडे भिंगारला असते. शाळेत निघताना मी रोज सांगते, कडी आतून घाल. ती मान हलवते. संध्याकाळी मी येते तेव्हा दार सताड उघडं असतं आणि ती उंबऱ्यावर बसलेली असते, चप्पल घालून.

ही खोली तिच्या नवऱ्याला माहीत आहे.