जुनं फंक्शन आणि आबांचा ऊस

पोरांनो, तुम्ही दोघं तिकडे कॉम्प्युटरच्या नोकरीत ज्याला लायब्ररी म्हणता, म्हणजे सगळ्यांनी वापरायच्या तयार प्रोग्रामांचा साठा, तशी एक आमच्या सांगलीच्या ऑफिसातही होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, पंचकार्डांच्या खोक्यात. त्यातलं एक फंक्शन, म्हणजे छोटा प्रोग्राम, लागणीची तारीख आणि उसाची जात घेई आणि ऊस कधी तोडायचा ते सांगे. आसपासच्या साखर कारखान्यांचे प्रोग्राम तेच वापरत.

खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, नव्या लागणीपेक्षा लवकर पिकतो, म्हणून आमच्या साहेबांनी त्यात 'लागण की खोडवा' ही आणखी एक माहिती घातली, तीही तारीख आणि जात यांच्या मधोमध. मी म्हटलं, "नव्याला नवं नाव देऊ. जुनं तसंच राहू दे. ते लागण धरून आतून नव्यालाच बोलावील."

"बाई, एकाच कामाला दोन नावं? तुमच्या घरी दोन देवघरं आहेत का?" साहेब हसले. "सगळ्यांना बदल कळवलाय."

फलटणकडच्या एका कारखान्याचे प्रोग्राम जुनेच राहिले. ते दोनच गोष्टी पाठवत. मशीन जातीचा आकडा खोडव्याच्या जागी वाचू लागलं, आणि जातीच्या जागी मेमरीत जे काही पडलेलं असेल ते. कुठे अडलं नाही. तारखा नेहमीसारख्या नीट छापून आल्या.

त्याच कारखान्याला माझ्या वडिलांचा, आबांचा, ऊस जाई. शिवरात्रीला माहेरी गेले, तर शेजारची रानं मोकळी आणि आमचा ऊस तुऱ्यांनी पांढरा होऊन उभा. भावानं एक कांडं मोडून दाखवलं. आत भेंडासारखं पोकळ.

"मला कळवलं का नाही?"

"म्या म्हनलं, कारखान्याच्या शेतकी हापिसात जाऊन तोड मागू. तर आबा ऐकतील तवा न्हवं!"

"गप रं," आबा म्हणाले. "लेकीच्या मशीननं लावलेला नंबर बापानंच मोडायचा व्हय? गावात त्वांड कसं दावायचं? उशिरा लावलाय, म्हंजी कायतरी हिशेब आसंल तिचा."

हिशेब काहीच नव्हता. काय घडलं असणार ते मी तिथंच बांधावर सांगितलं.

"म्हंजी मशीनच चुकलं?"

"हो, आबा."

त्यांनी फावडं उचललं आणि त्याच उसाला पाणी द्यायला गेले.

पुढे साहेबांनी जुनं फंक्शन जुन्या नावानं परत आणलं. पुढच्या हंगामात आबा स्वतः शेतकी ऑफिसच्या रांगेत उभे राहिले. पूर्वी मी आले की शेजाऱ्यांना हाका मारून बोलवायचे, "सांग गं, तुजं मशीन काय काय करतंय." आता फक्त विचारत, एसटीत बसायला जागा मिळाली का.