भावाची बाभळ अन् पाण्याची मोटार

रात्रभर झोपले नाय मी. माझा धाकटा भाऊ गणेश ॲनिमेशन शिकतो, त्याचा कम्प्युटर माझ्या खोलीत चालू होता. त्यातून लई गरम हवा येत होती अन् बाजूलाच माझं लेकरू निजलेलं.

कॉलेजला दाखवायला त्यानं कम्प्युटरवर बाभळ केलीय. एक फांदी काढायची, तीच बारीक करून तिच्यावर लावायची, पुन्हा तसंच. बिडकीनला, आमच्या गावी, रस्ता करताना तोडलेली आमची बाभळच उभी केली पोरानं. तिच्याखाली आमची मेंढरं बसायची. ती वाऱ्यानं हलती, असं चित्र कम्प्युटर रात्रभर बनवीत होता.

भाऊ वाळूजला कंपनीत नाईट शिफ्टला. मी भ्याले की त्याला फोन करायची. पाचव्यांदा म्हणला, "ताई, जळत नाय गं तो! सकाळपर्यंत त्याला हात लावू नको अन् मला फोन करू नको."

सकाळी आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. शेजारच्या काकूंना म्हणलं, आत भावाचं झाड बनतंय, तर त्या ओरडल्या, "मोटार लाव की! आठ दिस काय झाड पिणार हायस?" मी मोटार लावली अन् खोलीतली लाईट गेली.

आता लाईट आलीय, पण पडद्यावर झाड नाय. इंग्रजीत कायतरी लिहिलंय, मला वाचता येत नाय. दुपारी त्याला ते दाखवायचंय, अन् तो कंपनीतून परस्पर कॉलेजला जाणार. माझा फोन उचलीत नाय.

कुणी त्याच्यासंगं कामाला असंल तर त्याला फोन करा, आधी घरी ये म्हणावं. लाईट गेली म्हणू नका, ताईनं मोटार लावली म्हणून सांगा.